दोष यंत्रात, पुराव्याचा भार ग्राहकावर
संगणकाच्या सुट्या भागांतील बिघाड, दडलेली माहिती आणि ग्राहक कायद्याची मर्यादा

नवी दिल्ली : संगणकाच्या पडद्यावर 'व्हिडिओ मेमरी अपुरी आहे' असा संदेश उमटतो आणि सुरू असलेला गेम बंद पडतो. ग्राहकाचा संशय साहजिकच ग्राफिक्स कार्डावर जातो. तो कार्ड बदलून पाहतो, रॅम बदलून पाहतो, वीजपुरवठ्याचा संच नवा बसवतो, विंडोज पुन्हा स्थापित करतो. चार दिवस संगणक नीट चालतो आणि पाचव्या दिवशी तोच संदेश पुन्हा हजर होतो. २०२३च्या उत्तरार्धापासून २०२४च्या मध्यापर्यंत जगभरातील असंख्य संगणकधारकांनी हा अनुभव घेतला. व्हिडिओ मेमरीत काहीही बिघडलेले नव्हते. बिघाड होता तो प्रोसेसरमध्ये, म्हणजे संगणकातील ज्या भागावर ग्राहक सर्वांत शेवटी संशय घेतो त्या भागात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आलेल्या इंटेलच्या तेराव्या पिढीतील आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांचे हे प्रकरण आता तांत्रिकदृष्ट्या जवळपास निकालात निघाले आहे. कारण सापडले, दुरुस्तीचे मायक्रोकोड आले, हमीची मुदत वाढली. तरीही ते भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने पुन्हा तपासून पाहण्याजोगे आहे. महागड्या यंत्रात दडलेला दोष सिद्ध करायचा कोणी, आणि तो सिद्ध करण्यासाठी लागणारी कागदपत्रे असतात कोणाच्या ताब्यात, या प्रश्नाला आपल्या कायद्याने अद्याप पुरते उत्तर दिलेले नाही.

दोषाचे स्वरूप समजून घेतले, तर त्याचा ठाव लागायला इतका काळ का गेला हे कळते. आधुनिक प्रोसेसर स्वतःला किती व्होल्टेज हवे ते स्वतःच ठरवतो आणि मदरबोर्डवरील वीजनियंत्रकाकडे तशी मागणी नोंदवतो. ही मागणी ठरवणारी नियमावली, म्हणजे मायक्रोकोड, प्रसंगी गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होती. परिणाम तत्काळ दिसत नव्हता. वाढीव व्होल्टेज आणि उष्णता यांच्या माऱ्याने प्रोसेसरच्या गाभ्यातील घड्याळाचे ठोके पोहोचवणारे सर्किट हळूहळू जुने होत गेले. कालांतराने तोच प्रोसेसर स्थिर चालण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक किमान व्होल्टेज मागू लागला आणि ते मिळेनासे झाले की गणिते चुकू लागली. नवा असताना निर्दोष असणारा भाग वापरानेच झिजत गेला. दुकानात तपासून घेतला तरी त्यात काही सापडले नसते.

गणित चुकल्याची पहिली खूण गेमच्या फाइल उलगडताना दिसे, कारण त्या कामात प्रोसेसरचे सगळे गाभे एकाच वेळी पूर्ण ताकदीने राबतात. उलगडलेला मजकूर विस्कटलेला निघाला की पुढचा प्रोग्रॅम गोंधळे आणि मेमरी अपुरी असल्याचा निष्कर्ष काढून मोकळा होई. संदेश खोटा नव्हता, चुकीच्या जागी बोट दाखवणारा होता. एप्रिल २०२४ मध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरच्या सूचनापत्रात, इंटेलच्या या दोन पिढ्यांचे प्रोसेसर असलेल्या व हा संदेश दिसणाऱ्या ग्राहकांनी इंटेलशी संपर्क साधावा, असे स्पष्ट लिहिले, तेव्हा अनेकांना आपण चुकीचे दार ठोठावत होतो हे उमगले.

यानंतरचे तीन महिने मात्र गोंधळाचे होते. प्रथम दोषाचे माप मदरबोर्ड कंपन्यांच्या पदरात पडले. अधिक वेगाच्या स्पर्धेत या कंपन्या प्रोसेसरच्या वीजवापरावरील मर्यादा कारखान्यातूनच सैल करून पाठवत असत, ही वस्तुस्थिती होती. मग त्यांनी 'बेसलाइन' या नावाने नवी मापे बायोसमध्ये आणली. पण एका कंपनीची बेसलाइन दुसरीशी जुळेना आणि इंटेलनेही ही आपली शिफारस नव्हे असे सांगून टाकले. ज्या वस्तूचे मूळ माप काय, याबद्दल ती बनवणारा आणि तिला आधार देणारा यांच्यातच एकवाक्यता नाही, ती वस्तू ग्राहकाने 'योग्य रीतीने' वापरावी तरी कशी? जून २०२४ मध्ये मायक्रोकोडमधील एक चूक सापडली. तेच मूळ कारण नसल्याचेही सोबत सांगण्यात आले. जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातील एका गेम-निर्मात्या कंपनीने आपल्या संगणकांतील हे प्रोसेसर सरसकट निकामी होत असल्याचे जाहीरपणे मांडले. अखेर २२ जुलै २०२४ रोजी इंटेलने अवाजवी व्होल्टेजची कबुली दिली. तेराव्या पिढीच्या सुरुवातीच्या काही प्रोसेसरांत उत्पादनादरम्यान ऑक्सिडेशनचा, सोप्या शब्दांत आतून गंजण्याचा, एक वेगळा दोष होता आणि तो २०२३ मध्येच कारखान्यात दूर केला गेला होता, हेही त्याच सुमारास बाहेर आले. म्हणजे कंपनीला वर्षभर आधी ठाऊक असलेली गोष्ट ग्राहकाला तिसऱ्याच दोषाची चौकशी चालू असताना कळली.

ऑगस्टच्या प्रारंभी हमी तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेण्यात आली, त्याच महिन्यात '०एक्स१२९' या क्रमांकाचे मायक्रोकोड आले आणि सप्टेंबरमध्ये मूळ कारणाचा चार परिस्थितींत विभागलेला खुलासा प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एक मदरबोर्डच्या सैल मर्यादांशी संबंधित होती, उरलेल्या तिन्हींत इंटेलच्या स्वतःच्या मायक्रोकोडचा वाटा होता. मात्र नवे मायक्रोकोड झीज थांबवते, झालेली झीज भरून काढत नाही. ज्याचा प्रोसेसर आधीच दुबळा झाला होता, त्याच्यापुढे बदलून घेण्याखेरीज मार्ग नव्हता. विकलेला माल सरसकट परत बोलावण्याचा मार्ग कंपनीने पत्करला नाही.

याच कंपनीच्या इतिहासात या प्रसंगाशी ताडून पाहावेत असे दोन दाखले आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग महाविद्यालयाचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना पेंटियम प्रोसेसर काही ठरावीक भागाकार चुकवतो असे आढळले. प्रोसेसरमधील एका कोष्टकातले पाच आकडे गाळले गेले होते. सामान्य वापरकर्त्याला ही चूक २७ हजार वर्षांतून एकदा भेटेल, असा इंटेलचा हिशेब होता. आयबीएमने तोच हिशेब २४ दिवसांवर आणला आणि आपल्या पेंटियम संगणकांची विक्री थांबवली. प्रारंभी, ज्याला खरोखर गरज आहे हे पटेल त्यालाच प्रोसेसर बदलून देऊ, अशी भूमिका घेतलेल्या कंपनीला डिसेंबर १९९४ मध्ये क्षमा मागून सर्वांना तो विनाअट बदलून द्यावा लागला आणि त्यापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार तिने हिशेबात धरला. २०११चा दाखला उलटा आहे. जानेवारीत बाजारात आलेल्या चिपसेटमधील हार्ड डिस्क जोडण्याचे काही मार्ग काळानुसार दुबळे होतील, हे लक्षात येताच त्याच महिनाअखेरीस इंटेलने स्वतःहून पुरवठा थांबवला. दुरुस्ती व बदलीचा अंदाजित खर्च ७० कोटी डॉलर होता. दोष लवकर सांगणे स्वस्त पडते असे या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. इतकेच दिसते की त्या वेळी खर्च कंपनीने उचलला, आणि २०२३-२४ मध्ये त्यातला बराचसा वाटा, निरुपयोगी खरेदी आणि वाया गेलेल्या महिन्यांच्या रूपाने, ग्राहकाने.

हा ग्राहक भारतात कोण आहे, हे पाहिल्याशिवाय प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येत नाही. बड्या कंपन्यांचे तयार संगणक घेणारे बहुधा त्या कंपनीच्या सेवाकेंद्रावर विसंबतात. पण लग्नाच्या चित्रफितींचे संकलन करणारा, वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात त्रिमिती आराखडे काढणारा, छपाईपूर्व काम करणारा, हा वर्ग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून, बंगळूरच्या एस. पी. रोडवरून किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरून सुटे भाग घेऊन संगणक 'असेंबल' करून घेतो. त्याच्या यंत्रातील प्रत्येक भागाची कंपनी वेगळी, आयातदार वेगळा, हमीची मुदत वेगळी. बिघाड झाला की मदरबोर्डचे सेवाकेंद्र प्रोसेसरकडे, प्रोसेसरचे केंद्र रॅमकडे आणि सगळे मिळून 'तुमच्याकडची वीज वर-खाली होत असेल' या सनातन कारणाकडे बोट दाखवतात. प्रोसेसर खोक्यासह घेतला असेल तर थेट कंपनीकडे दाद मागता येते. खोक्याविना, ज्याला बाजारात 'ट्रे' म्हणतात, तसा घेतला असेल तर वाढीव हमीसाठीही ज्याच्याकडून घेतला त्या विक्रेत्याकडेच जावे लागते. पुष्कळ असेंबल संगणकांत ट्रे प्रोसेसर असतो आणि पावतीवर तसा उल्लेखही नसतो.

उपाय म्हणून बायोस अद्ययावत करावे, हा सल्लाही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. मदरबोर्ड कंपन्यांच्या संकेतस्थळांवर नव्या बायोसपुढे बहुधा 'स्थैर्यात सुधारणा' एवढीच नोंद असते. कोणता दोष दूर झाला, कोणती मर्यादा बदलली, जुन्याकडे परतता येईल का, याचा पत्ता नसतो. शिवाय अनेक बोर्डांवर ही क्रिया चालू असताना वीज गेली तर बोर्डच निर्जीव होण्याचा धोका असतो. जिथे वीज सांगून जाते आणि न सांगताही जाते, तिथे ही तळटीप नव्हे.

माहिती दडलेली असण्याचे अधिक सरळ उदाहरण हार्ड डिस्कचे आहे. कार्यालयातील सामायिक साठवणयंत्रांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतील दोन ते सहा टेराबाइटच्या काही डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांप्रमाणे एकमेकींवर चढवून लिहिण्याचे तंत्र वापरले होते. या तंत्रात कमी जागेत अधिक माहिती मावते, पण एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. एक डिस्क बिघडल्यावर तिच्या जागी बसवलेल्या नव्या डिस्कवर सगळी माहिती पुन्हा उभारताना हा संथपणा जीवघेणा ठरतो. मुख्य यंत्र कंटाळून ती डिस्कच बाद समजते. हे तंत्र वापरल्याचा उल्लेख ना खोक्यावर होता ना तपशीलपत्रात. एप्रिल २०२० मध्ये ही बाब उघड झाल्यावर कंपनीने यादी प्रसिद्ध केली आणि जुन्या तंत्राच्या डिस्कसाठी 'रेड प्लस' असे वेगळे नाव आणले. अमेरिकेतील ग्राहकांचा सामूहिक दावा पुढे २७ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. २०२१ मध्ये काही नामांकित एसएसडींच्या बाबतीतही, नाव तेच ठेवून आतील चिप बदलल्याचे परीक्षकांना आढळले. अशा वेळी पहिल्या तुकडीची परीक्षणे वाचून घेतलेला ग्राहक प्रत्यक्षात वेगळीच वस्तू घरी नेतो. यूएसबीचा प्रकार तर विनोदीच म्हणावा लागेल : सेकंदाला पाच गिगाबिटची एकच जोडणी आधी 'यूएसबी ३.०', मग '३.१ जेन १' आणि त्यानंतर '३.२ जेन १' या नावांनी विकली गेली.

भारतीय कायदा या संदर्भात मुका नाही. २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा व मानक यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. महत्त्वाची माहिती हेतुतः दडवणारी जाहिरात त्यात दिशाभूल करणारी मानली आहे. वापराच्या पुरेशा सूचना नसणे हेही कलम ८४ नुसार उत्पादकाच्या दायित्वाचे एक कारण ठरते. जिल्हा आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्कही नाही. दार उघडे आहे. अडचण उंबरठ्याच्या आत आहे.

ज्या दोषाचे अस्तित्व चाचणीविना ठरवता येत नाही, त्याबाबत कलम ३८ नुसार आयोग वस्तूचा नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि तिचे शुल्क तक्रारदाराने भरायचे असते. ४५ दिवसांत अहवाल अपेक्षित असतो. मिठाईतील भेसळ किंवा पंख्याच्या मोटरीतील दोष या चौकटीत बसतो. दहा दिवसांतून एकदा, विशिष्ट भार असताना, विशिष्ट तापमानालाच चुकणारा प्रोसेसर कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या मापाशी ताडून पाहायचा? ते माप उत्पादकाच्या गोपनीय दस्तऐवजांत असते. खुद्द उत्पादकाला मूळ कारण निश्चित करायला कित्येक महिने लागले, तेथे सोलापूरच्या किंवा इंदूरच्या एका ग्राहकाने ते सिद्ध करावे ही अपेक्षा न्यायाची म्हणता येणार नाही.

त्यापुढची अट अधिक बोचरी आहे. उत्पादन-दायित्वाच्या संदर्भात कायद्याने 'हानी'ची जी व्याख्या केली आहे, तीतून खुद्द वस्तूचे नुकसान आणि व्यापारी वा आर्थिक नुकसान वगळले आहे. प्रोसेसरने संगणक पेटवला आणि कोणी भाजले तर ती हानी. प्रोसेसरने चार महिन्यांचे संकलन विस्कटून टाकले तर त्या प्रकरणापुरती ती हानी नव्हे. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा तर मुळात 'ग्राहक'च नाही. स्वयंरोजगाराने केवळ उपजीविकेसाठी घेणाऱ्याला यातून सूट आहे खरी, पण हाताखाली दोन माणसे असलेल्या स्टुडिओमालकाची उपजीविका कुठे संपते आणि व्यापार कुठे सुरू होतो, हा वाद प्रतिपक्षाचा वकील पहिल्याच तारखेला उपस्थित करतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला माल परत मागवण्याचा आदेश देता येतो, मात्र तो धोकादायक, घातक किंवा असुरक्षित वस्तूंबाबत. चुकीचे उत्तर देणारे यंत्र या तीन विशेषणांत कुठे बसवायचे?

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा या पोकळीत आशेची जागा ठरू शकली असती. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला संकेतस्थळ सुरू केले आणि शेती अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि मोटारवाहने ही चार क्षेत्रे निवडली. संगणकाचा या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. दुरुस्ती-सुलभता निर्देशांकासाठी नेमलेल्या दुसऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल सादर केला. त्यात गुणांकन उत्पादकाने स्वतःच जाहीर करावयाचे आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून असा निर्देशांक लागू केला तेव्हा पहिल्याच यादीत लॅपटॉप होते आणि तांत्रिक दस्तऐवजांची उपलब्धता हा गुणांकनाच्या पाच निकषांपैकी एक होता. दस्तऐवजाला गुण मिळू लागले की तो छापून येतो, हा साधा हिशेब त्यामागे आहे.

वस्तुतः या उद्योगाची सुरुवात मोकळेपणानेच झाली होती. ॲपल-२ या संगणकाच्या १९७८च्या संदर्भपुस्तिकेत संपूर्ण सर्किट आराखडा होता. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या तांत्रिक पुस्तिकेत आराखड्यांसोबत बायोसची संहिताही छापलेली होती, आणि तिच्या आधारे जगभरातील तंत्रज्ञ शिकले. आज त्याच आयबीएम पीसीच्या वंशातील मदरबोर्डचा आराखडा अधिकृतपणे मिळत नाही. लॅमिंग्टन रोडवरील किंवा नेहरू प्लेसमधील कारागीर कुठून तरी बाहेर फुटलेल्या फाइलींवर काम भागवतो, आणि ती नसेल तर चालू बोर्ड शेजारी ठेवून मल्टिमीटरने बिंदूमागून बिंदू मोजत जातो. त्याचे कौशल्य वादातीत आहे. पण त्याचे मत आयोगापुढे तज्ज्ञ-पुरावा म्हणून ठेवायचे झाले, तर ते कोणत्या अधिकृत दस्तऐवजावर आधारले आहे, या पहिल्याच प्रश्नाला तो काय उत्तर देणार?

संगणक व तत्सम सामग्रीच्या देशी उत्पादनासाठी केंद्राने मे २०२३ मध्ये १७ हजार कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. जोडणी भारतात होऊ लागल्याने उत्पादक कायद्याच्या कक्षेत अधिक सहजपणे येईल, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु प्रोत्साहनाची रक्कम वाढीव विक्रीशी निगडित आहे. सदोष तुकड्यांची जाहीर नोंद, आतील भाग बदलल्यास मॉडेलचे नाव बदलण्याचे बंधन किंवा बायोसमधील बदलांचा तपशील देण्याची सक्ती अशा गोष्टींची सांगड तिच्याशी घालता आली असती. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार आजही खोक्यावर किंमत, आयातदाराचा पत्ता, उत्पादनाचा महिना आणि मूळ देश छापणे बंधनकारक आहे. आत कोणती चिप आहे हे छापणे बंधनकारक नाही.

दरम्यान, ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या दिवसांत घेतलेल्या तेराव्या पिढीच्या प्रोसेसरांची वाढीव हमी ऑक्टोबर २०२७ मध्ये संपेल. अशी हमी मागताना खरेदीचा पुरावा पुढे करावा लागतो आणि दुकानातील छोट्या यंत्रावर निघालेल्या उष्णताग्राही कागदाच्या पावतीची अक्षरे त्याआधीच उडून गेलेली असण्याचा संभव आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.